पहिल्या ३० मीटरांचा वेग: टायर, चढ आणि वजने यांचा सराव कसा करावा

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत ५० पैकी १५ गुण १०० मीटर धावण्याला आहेत. या गुणांसाठी तयारी करणारी मुले-मुली जिल्ह्याजिल्ह्यांच्या मैदानांवर पहाटेपासून कमरेला दोर बांधून टायर ओढताना दिसतात, पण एवढ्या मेहनतीच्या मानाने त्यांची वेळ कमी होत नाही. मिळेल तो टायर, पूर्ण १०० मीटर, दोन फेऱ्यांमध्ये जेमतेम विश्रांती आणि अंगातले त्राण संपेपर्यंत धावणे, अशी ही पद्धत असते. तिने दमसास वाढतो. सुरुवातीचा वेग तिच्याने वाढत नाही. त्वरणासाठी प्रतिरोधाचा सराव करायचा असेल, तर भार घड्याळ पाहून ठरवावा लागतो, अंतर लहान ठेवावे लागते आणि प्रत्येक फेरी ताज्या पायांनी धावावी लागते. हे कसे करायचे आणि त्याच्या जोडीला वजनांचा व्यायाम कसा बसवायचा, ते येथे सविस्तर मांडले आहे. कबड्डी, खो-खो आणि फुटबॉल खेळणाऱ्यांनाही हे लागू पडते, कारण त्यांच्या बहुतेक धावा २० मीटरांच्या आतच संपतात.

युसेन बोल्टने २००९ साली बर्लिनमध्ये ९.५८ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा पहिल्या २० मीटरांना त्याला सुमारे २.९ सेकंद लागले होते, तर ६० ते ८० मीटर हा टप्पा त्याने १.६१ सेकंदांत पार केला. म्हणजे जगातल्या सर्वांत वेगवान माणसालाही वेग घेण्यातच सर्वाधिक वेळ द्यावा लागतो. त्याचा वेग ६० मीटरांच्या पुढेपर्यंत वाढत राहिला; साधारण सराव असलेला धावपटू ३० ते ५० मीटरांदरम्यानच आपल्या कमाल वेगाला पोहोचतो आणि पुढचे अंतर तो मिळालेला वेग टिकवण्यात घालवतो. त्यामुळे पहिल्या ३० मीटरांत जे कमावले जाते, त्याचा लाभ शर्यत संपेपर्यंत मिळत राहतो.

वेग वाढतो तो जमिनीला मागे ढकलल्यामुळे. पहिल्या एक-दोन पावलांत पाय जमिनीवर साधारण ०.२ सेकंद टेकलेला असतो; पूर्ण वेगात हाच काळ चांगल्या धावपटूंच्या बाबतीत ०.१ सेकंदाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी होतो. सुरुवातीला जमिनीवर बल लावायला तुलनेने जास्त वेळ मिळत असल्यामुळे पायांची निव्वळ ताकद तेथेच सर्वाधिक उपयोगी पडते. मात्र ती ताकद मागच्या दिशेने लागली पाहिजे. पावलागणिक शरीर वर उचलण्यातच ती खर्ची पडली, तर बलवान माणूसही सुरुवातीला मागे राहतो. टायर आणि चढ यांच्या सरावाने ही दिशा सुधारते आणि वजनांच्या व्यायामाने मुळातली ताकद वाढते. या दोहोंची जागा एकमेकांना घेता येत नाही, म्हणून दोन्ही करावे लागतात.

आधी मोजमाप

सराव सुरू करण्यापूर्वी भार न लावता उभ्या स्थितीतून २० मीटर धावण्याची वेळ नोंदवून घ्यावी. हातातल्या स्टॉपवॉचवर येथे विसंबू नये. बटण दाबणाऱ्याच्या प्रतिक्रियेमुळे हाताने घेतलेली वेळ विद्युत यंत्राच्या वेळेपेक्षा साधारण पाव सेकंदाने कमी भरते, आणि २० मीटरांत पाव सेकंद म्हणजे कित्येक महिन्यांच्या सरावाचे फळ असते. त्याऐवजी मोबाइलचा कॅमेरा वापरावा. बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रे टिपणारा स्लो मोशनचा पर्याय असतो. त्यात दोन चित्रांमधले अंतर सुमारे ०.००४ सेकंद पडते, तर साध्या ३० चित्रांच्या चित्रफितीत तेच ०.०३३ सेकंद असते.

मैदानावर फक्कीने सुरुवातीची आणि २० मीटरची रेघ मारावी. फोन १० मीटरच्या खुणेसमोर, धावण्याच्या मार्गापासून १० ते १५ मीटर दूर, तिपाईवर ठेवावा. कॅमेरा मधोमध असल्यामुळे २० मीटरची रेघ त्याला तिरकी दिसते आणि धावणारा ती केव्हा ओलांडतो हे फसवे ठरू शकते. म्हणून कॅमेरा आणि धावमार्गावरची २० मीटरची खूण यांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर, धावमार्गाच्या अलीकडे, एक काठी रोवावी. मागचा पाय जमिनीवरून सुटतो ते चित्र सुरुवात मानावे आणि कंबर काठीआड जाते ते चित्र शेवट मानावे. मधली चित्रे मोजून २४० ने भागली की वेळ मिळते. पुरेशी विश्रांती घेऊन तीन धावा कराव्यात आणि त्यातली सर्वांत चांगली वेळ वहीत लिहावी. पुढचा सगळा हिशेब या आकड्यावर चालणार आहे.

टायरचा भार कसा ठरवावा

टायर किती किलोचा असावा, हा प्रश्न मैदानावर नेहमी विचारला जातो आणि त्याला नेमके उत्तर देता येत नाही, कारण धावणाऱ्याला जाणवतो तो भार वजनाइतकाच जमिनीच्या घर्षणावरही अवलंबून असतो. समजा, टायर आणि त्यातली वाळू मिळून ४० किलो आहे. घर्षणाचे प्रमाण ०.४ असलेल्या जमिनीवर तो ओढायला १६ किलोइतका जोर लागेल आणि ०.६ असलेल्या जमिनीवर २४ किलोइतका. म्हणजे वजन तेच राहूनही काम दीडपट झाले. मुरमाचे कोरडे मैदान, दव पडलेली हिरवळ आणि पावसानंतरची काळी माती यांत एवढा फरक सहज पडतो. म्हणून दर वेळी पहिली फेरी मोजावी आणि तिच्या वेळेवरून त्या दिवसाचा भार ठरवावा.

यासाठी तीन पातळ्या पुरतात. मोकळी, म्हणजे भार न लावता घेतलेली, वेळ ३.३० सेकंद असेल, तर हलक्या भाराने २० मीटरला सुमारे ३.६५ सेकंद लागावेत, म्हणजे वेळ दहा टक्क्यांच्या आसपास वाढावी. मध्यम भाराने ती ४.२ ते ४.३ सेकंदांपर्यंत जावी. जड भाराने ती दीडपटीच्या जवळ, म्हणजे ५ सेकंदांच्या आसपास पोहोचावी. जड भाराला घाबरण्याचे कारण नाही. भार ओढताना धावणाऱ्याचा कमाल वेग मोकळ्या वेगाच्या निम्म्यावर येतो, तेव्हा बल आणि वेग यांचा गुणाकार, म्हणजेच शक्ती, सर्वाधिक असते. त्यामुळे जड भार पहिल्या पाच-सात पावलांची तयारी करून घेतो, मध्यम भार त्यापुढच्या पावलांची, आणि हलका भार २० मीटरांपुढच्या धावेला जवळचा असतो. पूर्वी भार शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपुढे नेऊ नये, नाहीतर धावण्याची ढब बिघडते, असे सर्रास सांगितले जाई. जड भाराने त्या फेरीपुरती ढब बदलते हे खरे आहे, पण त्यासोबत मोकळ्या धावा चालू ठेवल्या, तर तो बदल कायमचा राहत नाही. माझ्या मते दहा टक्क्यांच्या नियमामुळे अनेक धावपटू सुरुवातीच्या पावलांसाठी लागणाऱ्या कामापासून वंचित राहिले.

साधनांना फारसा खर्च येत नाही. मोटारीचा जुना टायर पंक्चरच्या दुकानात मिळतो. त्यात प्लायवुडचा तुकडा किंवा जाड गोणपाट बसवून वर वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात. पाच-पाच किलोच्या लहान पिशव्या केल्या की भार कमी-जास्त करणे सोपे जाते. कमरेला रुंद पट्टा बांधावा, कारण नुसता दोर कातडीत रुततो आणि धावणारा नकळत कंबर मागे ओढून घेतो. दोर चार-पाच मीटर लांब असावा. तो आखूड असला, तर टायरची पुढची कड उचलली जाते आणि घर्षण पावलागणिक बदलत राहते.

फेरी सुरू करण्यापूर्वी हळूच पुढे सरून दोर पूर्ण ताणून घ्यावा. ढिला दोर पहिल्या पावलानंतर कमरेला झटका देतो आणि पाठीच्या दुखण्याची सुरुवात बहुधा तेथूनच होते. शरीर घोट्यापासून डोक्यापर्यंत एका रेषेत पुढे झुकलेले असावे. कमरेत वाकून डोके खाली घालणे म्हणजे झुकणे नव्हे. तसे केल्यास नितंबांचे स्नायू पूर्ण ताकदीने काम करू शकत नाहीत. पाऊल शरीराच्या पुढे न टाकता कमरेच्या खाली किंवा किंचित मागे, चवड्यावर पडावे आणि जमिनीला मागे रेटत गुडघा सरळ होईपर्यंत ढकलावे. जड भाराखाली पावले आखूड होणे स्वाभाविक आहे, पण ती घाईघाईने टाकू नयेत. हातांची हालचाल खांद्यापासून, मोठी आणि जोरकस ठेवावी. नजर पहिल्या दहा मीटरांत जमिनीकडे असावी आणि मान पाठीच्या रेषेत राहावी.

जड भाराने १० ते १५ मीटर, मध्यम भाराने १५ ते २० मीटर आणि हलक्या भाराने २० ते ३० मीटर एवढेच अंतर घ्यावे. एका सत्रात सहा ते आठ फेऱ्या पुरेशा होतात आणि दोन फेऱ्यांमध्ये अडीच ते तीन मिनिटे विश्रांती घ्यावी. नव्या मुलांना ही विश्रांती आळसासारखी वाटते आणि काही मार्गदर्शकांनाही ती पटत नाही, पण अर्धवट विश्रांतीनंतरची धाव मंद असते आणि मंद धावेतून शरीर मंद धावणेच शिकते. एखाद्या फेरीची वेळ त्या दिवसाच्या सर्वोत्तम फेरीपेक्षा पाच टक्क्यांहून अधिक वाढली, तर ठरलेल्या फेऱ्या उरल्या असल्या तरी सत्र थांबवावे. प्रत्येक सत्राच्या शेवटी दोन-तीन मोकळ्या धावा अवश्य कराव्यात.

चढ आणि इतर साधने

टायर नसेल, तर चढ वापरता येतो. पाच अंशांच्या चढावर शरीराच्या वजनाचा साधारण ८.७ टक्के हिस्सा मागे खेचतो, म्हणजे ६० किलोच्या धावपटूला सव्वापाच किलोचा प्रतिरोध मिळतो. असा चढ २० मीटर अंतरात सुमारे पावणेदोन मीटर उंची गाठतो, आणि मोबाइलमधल्या पातळी मोजणाऱ्या अॅपने तो तपासता येतो. टेकडीवरची कच्ची वाट, धरणाच्या भिंतीकडे जाणारा रस्ता किंवा घाटातला रहदारी नसलेला जुना फाटा, असे चढ महाराष्ट्रात बहुतेक गावांजवळ सापडतात. चढावर पाऊल आपोआप शरीराखाली पडते आणि झुकण्याची सवय लागते, म्हणून नवशिक्यांनी टायरच्या आधी दोन-तीन आठवडे चढावर धावावे असे मला वाटते. आठ अंशांच्या पुढचा चढ टाळावा, कारण तेथे टाचेच्या मागच्या शिरेवर फार ताण येतो. परत येताना चालत उतरावे. चढाच्या सरावात दुखापती बहुतेक वेळा उतारावर पळत येताना होतात.

पाठीला बांधायचे पॅराशूट पहिल्या ३० मीटरांसाठी निरुपयोगी आहे, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि सुरुवातीला वेगच नसतो. वजनाचे जाकीट घातल्यावर भार खालच्या दिशेने पडतो, त्यामुळे ते उड्यांसाठी ठीक आहे. घोट्याला वजने बांधून धावू नये. समुद्रकिनाऱ्यावरची मऊ वाळू पोटऱ्यांना चांगला व्यायाम देते, पण तिच्यात पाय रुतत असल्यामुळे जमिनीवरून झटक्याने सुटण्याची सवय मोडते.

वजनांचा व्यायाम

गावाकडच्या तालमीत वाढलेल्या मुलांच्या पायांत दम भरपूर असतो, कारण ती शे-दोनशे बैठका सहज मारतात. पाया म्हणून हे उत्तमच आहे. परंतु जी हालचाल सलग शंभर वेळा करता येते, ती कमाल ताकद फारशी वाढवू शकत नाही. त्यासाठी भार इतका असावा लागतो की पाच-सहा वेळांनंतर थांबावेच लागेल. म्हणून बैठकांच्या संख्येत भर घालण्याऐवजी खांद्यावर भार घ्यावा.

मुख्य व्यायाम चार समजावेत. पहिला, बारबेल, म्हणजे दोन्ही टोकांना वजने लावलेला दांडा, खांद्यावर घेऊन स्क्वॉट, म्हणजे बैठक, मांडी जमिनीला समांतर होईपर्यंत. दुसरा, रोमानियन डेडलिफ्ट: गुडघे किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून, कंबर मागे नेत वजन नडगीच्या मध्यापर्यंत आणणे, याने नितंब आणि मांडीच्या मागचे स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, बळकट होतात. तिसरा एका पायाचा व्यायाम: मागचा पाय बाकावर ठेवून पुढच्या पायावर बसणे-उठणे, किंवा गुडघ्याएवढ्या ठोकळ्यावर वजनासह चढणे. धावताना एका वेळी फार तर एकच पाय जमिनीवर असतो, हे लक्षात घेता हा व्यायाम कधीही वगळू नये. चौथा हिप थ्रस्ट: पाठीचा वरचा भाग बाकावर टेकवून, कमरेवर भार घेऊन नितंब वर उचलणे. यांच्या जोडीला उभ्याने टाचा उचलण्याचा पोटऱ्यांचा व्यायाम ठेवावा.

पहिले तीन आठवडे प्रत्येक व्यायाम आठ-आठ वेळा, तीन फेऱ्यांत, हालचाल शिकण्यासाठी करावा. त्यानंतर एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ८० ते ८५ टक्के वजन घेऊन तीन ते पाच वेळा, चार फेऱ्या, मध्ये तीन मिनिटे विश्रांती, असे करावे. कमाल वजन प्रत्यक्ष उचलून पाहण्याचा धोका नवशिक्याने पत्करू नये. जे वजन नीट हालचालीत जेमतेम पाच-सहा वेळा उचलता येते, ते साधारण याच पट्ट्यात असते. खाली जाताना सावकाश जावे आणि वर येताना शक्य तितक्या वेगाने यावे, कारण जोराने ढकलण्याचा हेतू असणे येथे वजनाइतकेच महत्त्वाचे आहे. तरुण मुलाने शरीराच्या वजनाच्या दीडपट स्क्वॉट करता येईपर्यंत ताकदीला अग्रक्रम द्यावा, असे मी सुचवेन. मुलींनी सव्वापटीचे लक्ष्य ठेवावे. त्यापुढे आणखी वजन वाढवण्यापेक्षा धावण्यावर आणि उड्यांवर वेळ देणे फायद्याचे ठरते. शरीराचे वजन मात्र विनाकारण वाढू देऊ नये, कारण त्वरण हे बल भागिले वस्तुमान एवढेच असते.

जिममध्ये जाणे शक्य नसेल, तर वाळूची गोणी खांद्यावर घेऊन एका पायाचे व्यायाम आणि कमरेवर ठेवून हिप थ्रस्ट हे दोन्ही घराच्या अंगणात करता येतात. हॅमस्ट्रिंगसाठी आणखी एक व्यायाम प्रत्येकाने करावा: गुडघ्यांवर उभे राहून, जोडीदाराने घोटे घट्ट धरल्यावर, सरळ शरीराने शक्य तितके सावकाश पुढे झुकत जाणे आणि शेवटी हातांवर स्वतःला झेलणे. नॉर्डिक कर्ल नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्यायामाने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती लक्षणीयरीत्या कमी होतात, हे खेळाडूंवरील अभ्यासांत वारंवार दिसले आहे. सुरुवात आठवड्यातून एकदा, पाच-पाच वेळा दोन फेऱ्या, एवढ्यावरच करावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी चालणेही कठीण होते.

उड्यांसाठी फार जागा खर्च करत नाही: उभ्याने लांब उडी, तीन पावलांची सलग उडी आणि गोळा किंवा मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) दोन्ही हातांनी खालून पुढे फेकणे, प्रत्येकी पाच-सहा वेळा, धावण्याच्या आधी. गोळा फेकण्याचा हा सराव भरतीच्या गोळाफेकीलाही उपयोगी पडतो.

पंधरा-सोळा वर्षांखालील मुलांनी जाणत्या मार्गदर्शकाशिवाय जड वजने घेऊ नयेत. चढ, उड्या आणि स्वतःच्या वजनाचे व्यायाम त्यांना पुरेसे आहेत. पाठीत कळ येत असेल किंवा मांडीच्या मागे खेच जाणवत असेल, तर त्या दिवशी सराव थांबवावा आणि दुखणे राहिले तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवावे.

आठवड्याची आखणी

भरतीच्या उमेदवाराची खरी अडचण अशी असते की त्याला १०० मीटरसोबत १६०० मीटरचीही (मुलींना ८०० मीटरची) तयारी करायची असते, आणि लांब पल्ल्याची दमछाक सुरुवातीच्या वेगाच्या सरावाला मारक ठरते. यावर उपाय म्हणजे कठीण कामे एकाच दिवशी एकत्र करणे आणि मधले दिवस खरोखर हलके ठेवणे. सोमवारी सकाळी जड टायर आणि मोकळ्या धावा, व संध्याकाळी पायांची वजने. मंगळवारी सावकाश लांब धाव. बुधवारी गोळाफेक आणि वरच्या अंगाचा व्यायाम. गुरुवारी पुन्हा हलका टायर किंवा चढ, मोकळ्या धावा आणि त्यानंतर वजने. शनिवारी १६०० मीटरच्या गतीचा सराव. शुक्रवारी आणि रविवारी विश्रांती, अशी घडी बसते. वजने आणि धाव एकाच वेळी करायची असल्यास धाव आधी करावी. टायरच्या दोन सत्रांत किमान ४८ तासांचे अंतर राहू द्यावे. एवढे काम पचण्यासाठी शरीराच्या प्रत्येक किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने लागतात, आणि ती अंडी, दूध, डाळी, मटकी, हरभरे, शेंगदाणे व सोयाबीन यांतून मिळवता येतात. महाग डबे विकत घेण्याची गरज पडत नाही.

चाचणीला दहा-बारा आठवडे असतील, तर पहिले तीन आठवडे चढ आणि मध्यम टायर, पुढचे चार-पाच आठवडे जड टायर आणि जड वजने, आणि त्यानंतर हलका टायर व अधिकाधिक मोकळ्या धावा, असा क्रम ठेवावा. जड टप्प्यात मोकळी वेळ सुधारत नसल्याचे दिसले तरी धीर सोडू नये, कारण थकवा ओसरल्यावरच कमावलेली ताकद घड्याळात दिसते. कोणाला ती भार कमी करताच दिसते, तर कोणाला तीन-चार आठवडे लागतात. म्हणूनच जड टायर चाचणीच्या किमान तीन आठवडे आधी बंद करावा. शेवटच्या दहा दिवसांत फेऱ्या निम्म्यावर आणाव्यात, पण धावण्याचा जोर पूर्ण ठेवावा. वजनांचे शेवटचे सत्र चाचणीच्या पाच-सहा दिवस आधी, नेहमीच्या निम्म्या फेऱ्यांचे असावे. प्रत्यक्ष चाचणीच्या दिवशी दोन धावांमध्ये बराच काळ थांबावे लागू शकते, त्यामुळे अंगावर ट्रॅकसूट ठेवावा, आपला क्रमांक येण्याच्या पंधरा मिनिटे आधी पुन्हा हलके धावून अंग गरम करावे आणि सुरुवातीच्या रेषेवर जाण्यापूर्वी १० मीटरच्या दोन जोरदार मोकळ्या धावा मारून घ्याव्यात.